मूत्रपिंडांतील सांबरशिंग

मुतखड्याच्या शस्त्रक्रियेचा विषय निघाला म्हणजे आपल्याकडे सुश्रुताचें नांव प्रथम येतें, आणि तें रास्तही आहे. परंतु त्याचा अश्मरीविधि बस्तीसाठीं, म्हणजे मूत्राशयासाठीं, होता हें पुष्कळदां विसरलें जातें. उपचार न केल्यास मरण निश्चित आणि केल्यास जगण्याचा संशय, म्हणून धन्याची अनुज्ञा घेऊनच शस्त्र उचलावें, असें त्यानें बजावून ठेविलें आहे. ही मूत्राशयाची कथा. मग बरगड्यांच्या आड दडलेल्या मूत्रपिंडांत हात घालण्यास पुढें कित्येक शतकें कोणी सहसा धजलें नाहीं, यांत नवल तें काय?

भीति होती ती रक्ताची. हृदयांतून निघणाऱ्या रक्ताचा सुमारें पंचमांश वांटा मुठीएवढ्या या दोन पिंडांकडे जातो. तेथें सुरी चालविणें म्हणजे भरल्या पाटाचा बांध फोडणेंच. १८६९ सालीं हायडेलबर्ग येथें गुस्ताव्ह सिमोन यानें एका स्त्रीचें एक मूत्रपिंड समूळ काढिलें व ती वांचली. एका मूत्रपिंडावर मनुष्य जगूं शकतें हें त्यामुळें सिद्ध झालें. पण खड्यासाठीं मूत्रपिंडाचाच बळी देणें हा कांहीं खरा उपाय नव्हे. लंडनच्या मिडलसेक्स रुग्णालयांत हेन्री मॉरिस यानें १८८० सालीं मूत्रपिंड चिरून खडा काढिला आणि मूत्रपिंड जागच्या जागीं राहूं दिलें. आमच्या मतें या विद्येचा खरा आरंभ येथून धरावा.

लहान खड्याचें फारसें अवघड नाहीं. खरी परीक्षा होते ती मूत्रपिंडाच्या मधली पोकळी भरून टाकून कोपऱ्याकोपऱ्यांत फांद्या पसरणाऱ्या खड्यापुढें. पाश्चात्य वैद्य त्याला हरिणाच्या शिंगाची उपमा देतात. आम्ही त्यास सांबरशिंग म्हणूं. तो काढण्याचे दोन पंथ पडले. व्हिएन्नाच्या हिर्टलनें रक्तवाहिन्यांचे सांचे काढून असें दाखविलें होतें कीं, मूत्रपिंडाच्या बाहेरच्या कडेपासून किंचित् मागें एक विरळ रक्ताची रेषा असते. बाल्टिमोरचा चित्रकार ब्रोडेल यानें १९०१ सालीं तिचें वर्णन अधिक नेटकें केलें. १९६८ च्या सुमारास अमेरिकेंतील स्मिथ व बॉइस यांनीं रोहिणी तात्पुरती बंद करून, मूत्रपिंड बर्फानें थंड ठेवून, अशाच विरळ रक्ताच्या प्रदेशांतून तें पुस्तकासारखें उघडण्याची रीत प्रचारांत आणिली. तिकडे बार्सिलोनाच्या जिल-व्हेर्नेनें १९६५ मध्यें मांसल भागास हात न लावतां, मूत्रपिंडाच्या खांचेंतून, पोकळीपर्यंत खोल जाण्याचा मार्ग सांगितला.

पहिल्या रीतींत सगळे कोपरे दिसतात, पण मूत्रपिंड जखमी होतें. दुसरींत मूत्रपिंड वांचतें, पण अरुंद तोंडाच्या कोपऱ्यांतील फांदी मोडून मागें राहण्याचें भय. आणि राहिलेला कण क्षुल्लक नसतो. हे खडे बहुधा जंतुसंसर्गानें वाढतात, जंतु खड्याच्या आंतच घर करितात, आणि एका कणावर पुन्हां नवें सांबरशिंग उभें राहतें. मग जुन्या व्रणांतून दुसरी शस्त्रक्रिया! रोग्याच्या दृष्टीनें खडा किती निघाला यापेक्षां किती उरला, हाच प्रश्न मोठा.

१९७६ सालीं स्वीडनमध्यें फर्नस्ट्रॉम व योहान्सन यांनीं पाठींतून सुईनें वाट पाडून, ती हळूहळू रुंद करून, त्या वाटेनें खडे काढिले. लागलीच १९८० मध्यें म्यूनिक येथें शौसी व त्याचे सहकारी यांनीं रोग्यास पाण्याच्या टबांत ठेवून बाहेरूनच आघातलहरींनीं खडा फोडिला. यंत्र विमानें बांधणाऱ्या डॉर्निअर कंपनीचें, हें विशेष! सुरीचे दिवस संपले असें पुष्कळांस वाटलें. परंतु फुटलेला चुरा बाहेर पडावयाचा तो मूत्रवाहिनीच्या अरुंद नळींतूनच. मोठ्या खड्याचा चुरा तेथें ओळीनें अडकून बसूं लागला. जर्मनांनीं त्यास ‘दगडांचा रस्ता’ असें समर्पक नांव दिलें आहे. अमेरिकन मूत्ररोगतज्ज्ञांच्या संघानें २००५ सालीं सांबरशिंगांचा हिशेब मांडिला, तेव्हां मूत्रपिंड पूर्ण खडामुक्त होण्याचें प्रमाण सुईच्या वाटेनें शेंकडा ७८, उघड्या शस्त्रक्रियेनें ७१ आणि केवळ लहरींनीं ५४ भरलें.

म्हणून २ सेंटिमीटरांहून मोठ्या खड्यास आज प्रथम सुईचीच वाट सुचवितात. ती सुई बहुधा पाठीकडच्या एखाद्या कोपऱ्यांत शिरविली जाते, आणि तेथें पोंचतांना ती जाते हिर्टलनें सांच्यांत पाहिलेल्या त्याच विरळ रक्ताच्या रेषेजवळून.