तिरोडा की तिरोरा?

आमच्या गावाला नावं दोन. मराठीत तिरोडा. इंग्रजीत 'ड'च्या जागी 'आर' लिहितात, म्हणून बाहेरचा माणूस त्याला तिरोरा म्हणतो. आपल्याला दोन्ही चालतात. मशीनला मात्र चालत नाहीत.

भाचा सध्या मोबाईलचं ॲप लिहायला शिकतोय. गावाचं नाव टाकलं की तिथल्या नातेवाईकांचा पत्ता दिसावा, एवढंच ॲप. त्याच्या भाषेत याला 'मॅप' म्हणतात. एक किल्ली, तिच्यामागे एक माहिती. किल्ली दिली की माहिती लगेच हातात, सगळी यादी चाळावी लागत नाही.

किल्ली म्हणून त्याने गावाचं नाव घेतलं. झालं, तिरोडा आणि तिरोरा ही दोन वेगळी गावं झाली! त्याहून वाईट म्हणजे गोरेगाव. एक आपल्या शेजारचं, गोंदिया जिल्ह्यातलं, आणि एक मुंबईतलं. किल्ली सारखीच, म्हणून दुसरा पत्ता भरताच पहिला पुसला गेला. चूक झाल्याची सूचनाही नाही. एक अख्खं घर यादीतून गुपचूप नाहीसं!

गंमत म्हणजे नेमकी हीच अडचण पोस्ट खात्यासमोर होती. सारख्या नावाची गावं, चुकीचे पत्ते, आणि लिपी तर किती! त्यावर तोडगा काढला श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी. केंद्रीय दळणवळण मंत्रालयात अधिकारी असलेला हा मराठी माणूस संस्कृतचा लेखकही होता. 15 ऑगस्ट 1972 रोजी सहा आकडी पिनकोड सुरू झाला. पहिला आकडा विभागाचा, दुसरा उपविभागाचा, तिसरा टपाल छाटणीच्या जिल्ह्याचा, आणि शेवटचे तीन वाटप करणाऱ्या पोस्टाचे. मराठी न येणाऱ्या छाटणीवाल्यालाही पत्र कुठल्या खणात टाकायचं ते कळू लागलं.

संगणकातला मॅपही बहुधा खणांवरच चालतो. किल्लीवरून गणित करून खण ठरवायचा, ही कल्पना आयबीएममधल्या हान्स पीटर लून यांनी 1953 साली मांडली होती. दोन किल्ल्या एकाच खणात आल्या तरी बिघडत नाही, आत दोन्ही वेगळ्या ठेवता येतात. पण किल्लीच एक असेल तर मशीन काय करणार?

तिरोड्याचा पिन 441911, शेजारच्या तुमसरचा 441912. 1 मे 1999 ला गोंदिया जिल्हा वेगळा झाला. तिरोडा गोंदियात आलं, तुमसर भंडाऱ्यातच राहिलं. पत्त्यातला जिल्हा बदलला, पण हे आकडे अजूनही शेजारीशेजारी आहेत. चांगली किल्ली अशी असते. सरकारने रेघ हलवली तरी ती हलत नाही.

अर्थात एका पिनखाली अनेक गावं आणि शेकडो घरं असतात. म्हणून घरासाठी नुसता पिन पुरत नाही. भाच्याने आता प्रत्येक घराला स्वतंत्र क्रमांक दिलाय आणि पिन, गाव, नाव हे सगळं आतल्या माहितीत ठेवलंय. गावाच्या रकान्यात तिरोडाही आहे आणि तिरोराही. कुठलंही टाका, घर सापडतं.

मला यातलं एवढंच समजलं, की नाव हाक मारायला असतं आणि क्रमांक शोधायला. एकाचं काम दुसऱ्यावर टाकलं की कुणीतरी माणूस हरवतो.