इंग्रजीतील उभयान्वयी अव्यये

दोन शब्द, दोन पदसमूह किंवा दोन वाक्ये जोडणारा आणि स्वतः न बदलणारा शब्द म्हणजे उभयान्वयी अव्यय. अँड, बट, ऑर, सो, बिकॉज, इफ, ऑल्दो, अनलेस, दॅट हे या वर्गातले इंग्रजीतले नेहमीचे शब्द. या नोंदीत त्यांचा विचार मराठी माध्यमातल्या विद्यार्थ्याच्या बाजूने केला आहे. बुलढाणा जिल्ह्यातल्या चिखली-खामगाव रस्त्यावरचे अमडापूर यासाठी डोळ्यांसमोर ठेवले आहे. घरात वऱ्हाडी, पुस्तकात प्रमाण मराठी आणि त्यानंतर इंग्रजी असा इथल्या मुलाचा प्रवास असतो. महाराष्ट्रात २००० सालापासून इंग्रजी पहिलीपासून शिकवले जाते. शब्द लवकर पाठ होतात, पण ते वाक्यात बसवणे दहावीपर्यंत अवघड जाते.

वर्गीकरण दोन्ही भाषांत जवळपास सारखे आहे. नेसफील्डच्या इंग्रजी व्याकरणाने समान दर्जाची वाक्ये जोडणाऱ्या शब्दांचे चार प्रकार रूढ केले. मराठीतले समुच्चयबोधक, विकल्पबोधक, न्यूनत्वबोधक आणि परिणामबोधक हे चार प्रकार त्यांना एकास एक जुळतात : आणि-अँड, किंवा-ऑर, पण-बट, म्हणून-सो. हे आश्चर्याचे नाही. दादोबा पांडुरंग तर्खडकरांच्या १८३६च्या व्याकरणापासून मराठी शालेय व्याकरणावर इंग्रजी व्याकरणाच्या मांडणीचा ठसा आहे. मोरो केशव दामले यांनी १९११च्या ‘शास्त्रीय मराठी व्याकरणा’त या मांडणीची कसून तपासणी केली. दुसरा गट गौणत्वबोधकांचा. कारण, हेतू, अट, विरोध दाखवणारे उपवाक्य मुख्य वाक्याला जोडणारे बिकॉज, इफ, ऑल्दो यांसारखे शब्द त्यात येतात. हडल्स्टन आणि पुलम यांच्या २००२च्या केंब्रिज व्याकरणाने बिकॉज, ऑल्दो, आफ्टर यांना शब्दयोगी अव्ययांच्या वर्गात नेले आहे. शाळेतल्या मुलाला त्याची गरज नाही.

गरज आहे ती एक गोष्ट कळण्याची : वाक्यांचा सांधा कुठे बसतो. मराठीत तो बहुधा दोन वाक्यांच्या मधोमध, पहिल्या वाक्याच्या शेवटाला चिकटून येतो. ‘पाऊस आला तर कपाशी लावू’, ‘पाऊस पडला म्हणून बस उशिरा आली’, ‘तो गरीब असला तरी प्रामाणिक आहे’. यांत तर, म्हणून, तरी हे जोडावरच आहेत. सुरुवातीचे जर, जरी वगळले तरी काही अडत नाही. वऱ्हाडीत तर ते सहज गळतात. ‘पानी आला त पेरनी करू’ या वाक्यातला सगळा भार त्या एका ‘त’वर आहे. इंग्रजी गौणत्वबोधक याच्या उलट आपल्या उपवाक्याच्या तोंडाशी उभा राहतो : ‘इफ इट रेन्स, वी विल प्लांट कॉटन.’ इथे जोडावर फक्त स्वल्पविराम उरतो. मराठी कानाला ती जागा रिकामी वाटते आणि मुलगा ती भरून काढतो. ‘ऑल्दो ही इज पुअर, बट ही इज ऑनेस्ट’ किंवा ‘बिकॉज इट रेन्ड, सो द बस केम लेट’ ही वाक्ये तिथून येतात. एवढेच सांगावे की गौण जोडणीला एकच अव्यय पुरते : ऑल्दो ठेवा किंवा बट ठेवा. अटीच्या वाक्यात मात्र इफनंतर देन चालते, ते ऐच्छिक आहे. मराठीत ‘आला तर’ असे भूतकाळाचे रूप भविष्यातल्या अटीला चालते, इंग्रजीत तिथे वर्तमानकाळ लागतो. म्हणून ‘इफ इट विल रेन’ आणि ‘इफ इट केम’ या दोन्ही चुका वहीत दिसतात.

बिकॉज शिकवताना ‘कारण’पासून सुरुवात करणे सोयीचे. ‘बस उशिरा आली, कारण पाऊस पडला’ यात दोन्ही भाषांतला क्रम जुळतो. पुढे उपवाक्य आधी आणून दाखवता येते. बिकॉजने वाक्य सुरू करू नये हा वर्गात ऐकू येणारा नियम खरा नाही. मुख्य वाक्य न लिहिता थांबू नये, हे खरे.

सर्वात जास्त वेळ ‘की’वर द्यायला हवा. ‘रवी म्हणाला की मी उद्या येतो’ या वाक्यात रवीचे शब्द जसेच्या तसे राहतात, ‘मी’ म्हणजे रवीच. इंग्रजीत दॅट आला की बोलणाऱ्याची जागा बदलते : ‘रवी सेड दॅट ही वुड कम द नेक्स्ट डे.’ पुरुष, काळ आणि ‘उद्या’ हे तिन्ही सरकतात. विद्यार्थ्याने ‘रवी सेड दॅट आय विल कम टुमॉरो’ लिहिले, तर त्याचा अर्थ रवी नव्हे, लिहिणारा येणार असा होतो. ही चूक अर्थ बदलणारी आहे, तरी पुष्कळदा काळाची किरकोळ चूक म्हणून तिच्यावर लाल रेघ ओढून पुढे जातात.

काही जोडण्यांना मराठीत अव्ययच नसते. ‘आई शेतातून येऊन स्वयंपाक करून झोपली’ यात -ऊन प्रत्यय सगळे काम करतो. मुलगा त्याचे अँड, अँड, अँड असे करतो. अशा वेळी आफ्टर किंवा व्हेन वापरून एक क्रिया गौण करायला शिकवावे : ‘आफ्टर शी केम होम फ्रॉम द फील्ड, मदर कुक्ड अँड वेंट टू स्लीप.’

अनलेसमध्ये नकार आधीच असतो. ‘अनलेस यू डोन्ट स्टडी’ लिहिले की अर्थ उलटा होतो. ‘जर नाही’ असे मनात म्हणून पाहिले की हे लक्षात येते. नो सूनरनंतर सहायक क्रियापद कर्त्याच्या आधी येते आणि पुढे दॅन लागते, हार्डली आणि स्केअर्सलीपुढे व्हेन. दहावीच्या वाक्यरूपांतराच्या प्रश्नांनी या जोड्या पिढ्यान्‌पिढ्या घोकून घेतल्या, गुण मिळाले, पण त्या बोलताना क्वचितच कुणाच्या तोंडी येतात. त्याऐवजी ॲज सून ॲज पक्के झाले तर ते उपयोगी पडेल.

सिन्स आणि ॲज दोघेही काळ आणि कारण दाखवतात. मराठीत ‘पासून’ आणि ‘ज्याअर्थी’ वेगळे असल्याने इथे संदर्भ पाहावा लागतो. हाउएव्हर हे उभयान्वयी अव्यय नाही. दोन वाक्यांमध्ये ते आले तर त्याआधी अर्धविराम किंवा पूर्णविराम द्यावा, स्वल्पविराम पुरत नाही. गौण उपवाक्य आधी आले तर त्यानंतर स्वल्पविराम येतो, नंतर आले तर सहसा येत नाही. अँड किंवा बटने वाक्य सुरू करायला हरकत नाही. १६११च्या इंग्रजी बायबलमध्ये अशी वाक्ये जागोजागी आहेत.