आठ नियम दोन्हीकडे

मैत्रिणींनो, कर्जतजवळच्या कोंढाणे लेण्यात दगडावर एक ओळ आहे: कण्हाचा शिष्य बलक, त्यानं हे केलं. दगड टिकला, पोथ्या गेल्या. त्या उरल्या श्रीलंकेत पालीत आणि चीनमध्ये चिनी भाषांतरात. पुण्याचे पु. वि. बापट चिनी शिकले, दोन्हीकडचे ग्रंथ ताडून पाहिले. १९३७ साली तसं पुस्तकही काढलं.

आपल्या कामाचे म्हणजे भिक्षुणींचे नियम. पालीत ३११, चिनीत जपलेल्या धर्मगुप्तक पंथाच्या पोथीत ३४८. वाढ आहे ती बारीकसारीक शिस्तीत, स्तूपापाशी कसं वागायचं वगैरे. बचत गटाच्या वहीतही असंच वाढत जातं ना! पण संघातून कायमचं काढणारे नियम दोन्हीकडे आठच, म्हणजे ते पंथ वेगळे होण्याआधीचे असणार. त्यातले चार भिक्षूंनाही लागू. उरलेले चार फक्त बायांना.