एका सावलीची किंमत : सौर पॅनेलांच्या जुन्या दुखण्याचा इतिहास

१/ छतावर सौर पॅनेलांची रांग आहे. दुपारी पाण्याच्या टाकीची सावली एकाच पॅनेलच्या कोपऱ्यावर पडते. वीज मात्र त्या सावलीच्या क्षेत्रफळाच्या मानाने कितीतरी अधिक घटते. असे का होते? उत्तर शोधण्यासाठी १९५४ पर्यंत मागे जावे लागते.

२/ २५ एप्रिल १९५४ रोजी अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेने सिलिकॉनचा पहिला उपयुक्त सौर घट जगापुढे ठेवला. चेपिन, फुलर आणि पिअर्सन हे त्याचे जनक. कार्यक्षमता सुमारे ६ टक्के. असा घट जेमतेम अर्धा व्होल्ट देतो. म्हणून अनेक घट एकसर जोडावे लागले आणि दुखणे तिथेच सुरू झाले.

३/ एकसर जोडणीत सर्व घटांतून एकच प्रवाह वाहतो. एक घट झाकोळला की उरलेल्यांनाही त्याच्याच चालीने चालावे लागते. शिवाय उजेडातील घट त्याच्यातून प्रवाह रेटू पाहतात, त्याचे विभवांतर उलटे होते आणि वीज देणारा घटच वीज गिळून तापू लागतो. हाच 'हॉटस्पॉट'. त्याने काच तडकू शकते, आवरण करपू शकते.

४/ १७ मार्च १९५८ रोजी झेपावलेल्या व्हॅनगार्ड-१ वर सौर घट होते. गोलाकार उपग्रहाची एक बाजू सदैव अंधारात असणारच. म्हणून घट सर्व दिशांना बसवले गेले. बॅटरीवरचा प्रेषक जून १९५८ मध्ये मुका झाला. सौर घटांवरचा १९६४ पर्यंत बोलत राहिला.

५/ १९७३ च्या तेलसंकटानंतर सौरऊर्जा जमिनीवर उतरली. जेट प्रोपल्शन लॅबोरेटरीने १९८० च्या दशकाच्या आरंभी पॅनेलांसाठी हॉटस्पॉट चाचणी आखली. उपाय होता बायपास डायोड : झाकोळलेल्या गटाला वळसा घालून प्रवाह पुढे नेणारी आडवाट. आजच्या पॅनेलमध्ये बहुधा असे तीन डायोड असतात. म्हणजे एका घटावरची दाट सावली पॅनेलचा एक तृतीयांश भाग बाद करते; पण पॅनेल वाचते.

६/ डायोडने नवा पेच आणला. सावलीत शक्तीच्या आलेखाला एकाऐवजी अनेक शिखरे येतात. कमाल शक्तीचा बिंदू शोधणारी यंत्रणा बोरिंगर यांनी १९६८ मध्ये अवकाशयानांसाठी मांडली होती. परंतु अशी साधी यंत्रणा लहान शिखरालाच सर्वोच्च समजून तिथेच थांबू शकते. पुढे प्रत्येक पॅनेलला स्वतंत्र मायक्रोइन्व्हर्टर देण्याची वाट निघाली. खर्च वाढला, पण शेजाऱ्याची शिक्षा टळली.

७/ २०१३ मध्ये तिरुचिरापल्लीच्या राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्थेतील संशोधकांनी चक्क सुडोकूचा आधार घेतला. विद्युतजोडणी तीच ठेवून पॅनेलांच्या जागा सुडोकूच्या नियमाने विखुरल्या. एका कोपऱ्यावरची सावली त्यामुळे अनेक विद्युतरांगांत वाटली जाते आणि कोणतीही एक रांग पूर्ण अडत नाही.

८/ सावली कोणालाच हटवता आली नाही. साठ वर्षांची खटपट होती ती एवढ्यासाठीच, की जेवढा भाग झाकोळला, जवळजवळ तेवढेच नुकसान व्हावे. छतावर पॅनेल मांडताना आजही पहिला प्रश्न तोच असतो : दुपारी टाकीची सावली कुठे पडते?