गोळीची कुळकथा

‘सुरतचं जेवण आणि काशीचं मरण’ ही म्हण लग्न होऊन इथं आले तेव्हाच ऐकली. पन्नाशीत पाळी गेली. घारी तेवढीच, एकासणीही तेवढीच, तरी कंबर वाढली आणि रक्तात कोलेस्टेरॉल चढलं. हार्मोनच्या गोळीचा विषय निघताच मैत्रिणींत दोन तट पडले. एक म्हणे, “बाई फुगते त्यानं.” दुसरी म्हणे, “नाही गं, हृदय सांभाळतं.” म्हणून या गोळीची कुळकथाच वाचून काढली.

१९४२ साली अमेरिकेत ‘प्रेमारिन’ आली, गाभण घोडीच्या मूत्रातून काढलेली. १९६६ मध्ये डॉ. रॉबर्ट विल्सन यांनी ‘फेमिनिन फॉरएव्हर’ लिहून पाळी जाण्याला आजारच ठरवलं. १९७५ मध्ये कळलं, की नुसत्या इस्ट्रोजेननं गर्भाशयाच्या अस्तराच्या कर्करोगाचा धोका वाढतो. मग जोडीला दुसरं हार्मोन आलं.

१९९५ च्या ‘पेपी’ अभ्यासात ८७५ स्त्रिया ३ वर्षं होत्या. हार्मोन घेणाऱ्यांचं वाईट कोलेस्टेरॉल उतरलं, चांगलं सुधारलं. ट्रायग्लिसराइड मात्र वाढलं. आणि वजन? ते औषध नसलेली गोळी घेणाऱ्यांचंच थोडं जास्त वाढलं! म्हणजे कंबरेचा आळ गोळीवर उगाच.

आकडे सुधारले, म्हणजे हृदय वाचलं, असं पुष्कळांनी धरून चाललं. पण १६,६०८ स्त्रियांवरचा मोठा अमेरिकी अभ्यास जुलै २००२ मध्ये मुदतीआधी थांबवावा लागला. जोडगोळी घेणाऱ्यांत हृदयविकार, पक्षाघात, रक्ताच्या गुठळ्या, स्तनांचा कर्करोग हे सगळं थोडं थोडं वाढलं होतं. खुब्याचं हाड मोडणं मात्र कमी झालं होतं. अहवालातला आकडा म्हणजे आपला जीव नव्हे, हे तेव्हा कळलं.

त्यातल्या पुष्कळ जणी साठीपुढच्या होत्या. म्हणून आता डॉक्टर सांगतात: साठीच्या आत, पाळी जाऊन १० वर्षं झाली नसतील आणि अंगातल्या वाफा असह्य असतील, तर तपासून घेता येतं. कोलेस्टेरॉल किंवा वजन उतरवायला मात्र नाही.

आपल्याला आणखी एक प्रश्न पडतो, त्या ठाणबंद घोडीचा. वनस्पतीपासून केलेलं इस्ट्राडिओलही मिळतं, त्वचेला लावायचं जेलसुद्धा. विचारायला लाजू नये.

माझ्या वाफा सोसण्याजोग्या होत्या. मी रोज चालू लागले. शेजारीण रात्र रात्र घामानं भिजायची. तिनं जेल घेतलं. दोघींनीही विचारून ठरवलं, एवढंच महत्त्वाचं.