मार्गदर्शकाशी मतभेद

आजचा विषय आहे व्यवस्थापनशास्त्रातली पीएचडी. मी तत्त्वज्ञानाचा माणूस, पण संशोधक घडतो कसा हा प्रश्न दोन्हीकडे एकच.

थोडं मागे जाऊ. १९१३ साली मुंबईत वाणिज्याच्या शिक्षणासाठी सिडनहॅम कॉलेज निघालं. डॉ. आंबेडकर तिथे १९१८ पासून अर्थशास्त्र शिकवत होते. पुढे लंडनला प्रा. एडविन कॅनन यांच्या हाताखाली त्यांनी रुपयाच्या प्रश्नावर प्रबंध लिहिला. त्यात त्यांनी सुवर्ण-विनिमय पद्धतीवर हल्ला चढवला. या पद्धतीची बाजू घेणारे कोण, तर केन्स! १९२३ साली प्रबंध पुस्तकरूपाने आला, प्रस्तावना कॅनन यांची. त्यात गुरुजी चक्क सांगतात की यातले बहुतेक युक्तिवाद मला पटत नाहीत. पण काही घाव अगदी वर्मी बसलेत, आणि जिथे लेखक चुकतोय असं वाटलं तिथेही त्याच्या विचारात ताजेपणा आहे. न पटणाऱ्या प्रबंधाच्या पाठीशी मार्गदर्शक उभा राहिला, हे लक्षात घ्या.

आता आपल्या उपनगरात या. पवईला १९६३ साली ‘नीटी’ सुरू झाली, आज ती आयआयएम मुंबई आहे. तिथे संशोधन पुरं करणाऱ्याला ‘फेलो’ म्हणत. आयआयएममध्येही २०१७चा कायदा होईपर्यंत तेच, कारण पदवी देण्याचा अधिकारच नव्हता. आता पदवी आहे, नियम आहेत. यूजीसीच्या २०२२च्या नियमांप्रमाणे प्राध्यापकाकडे एका वेळी आठच विद्यार्थी. कोर्सवर्क सक्तीचं, प्रबंधाआधी शोधनिबंध छापण्याची सक्ती मात्र गेली.

पण नियमाने वेळ मिळतो, वाद मिळत नाही. अंधेरीत नोकरी सांभाळून संशोधन करणारी मुलगी डोळ्यांसमोर आणा. प्रश्नावली ऑफिसातल्याच सहकाऱ्यांकडून भरून घ्यायची, आकडे सॉफ्टवेअरमध्ये टाकायचे, गृहीतक ‘सिद्ध’! ते खोटं ठरलं असतं तर काय दिसलं असतं, हे तिला कुणी विचारलंच नाही. साहेबाविरुद्ध कोण लिहिणार, हाही प्रश्न आहेच.

आपल्या शास्त्रकारांची शिस्त होती : आधी पूर्वपक्ष मांडा, तोही प्रतिपक्षाला मान्य होईल असा, मग आपलं उत्तर. प्रबंधात असं एक प्रकरण असावं, आणि त्यातला प्रतिपक्ष मार्गदर्शकाने स्वतः व्हावं. विद्यार्थ्याने आपल्याला खोडून काढावं इतकी मुभा जो देतो, तो मार्गदर्शक. बाकीचे सही करणारे.