छोट्या चौकटीचं मोजमाप

डीएसएलआर घ्यावा की कॉम्पॅक्ट, हा वाद डिजिटल काळातला वाटतो. खरं तर तो शंभर वर्षं जुना आहे. १९२५ साली लाइपझिगच्या व्यापारी जत्रेत लायका कॅमेरा आला. तो घडवणाऱ्या, दम्याने त्रस्त असलेल्या ऑस्कर बार्नाकला तिपाई आणि काचेच्या प्लेटांचं ओझं पेलवत नव्हतं. म्हणून त्याने सिनेमाची ३५ मिलिमीटर फिल्म आडवी फिरवून २४ बाय ३६ मिलिमीटरची चौकट केली. जाणकारांचा आक्षेप रास्त होता: ९ बाय १२ सेंटिमीटरच्या प्लेटचं क्षेत्रफळ तिच्या साडेबारा पट, मग बारकावे टिकणार कसे? स्टुडिओत, जिथे माणूस हलत नाही, तिथे हा मुद्दा बिनतोडच. रस्त्यावर मात्र तो लंगडा पडतो. आंरी कार्तिए-ब्रेसाँचं १९३२ चं पॅरिसमधलं छायाचित्र पाहा: साचलेल्या पाण्यावरून माणूस उडी मारतोय, टाच पाण्याला टेकायला केसभर अंतर उरलंय. ते लायकावरचं, शिवाय कडा कापून आणखी लहान केलेलं. तरी त्यात बारकावे कमी पडले असं कुणाला वाटत नाही.

मग कुठलाही छोटा कॅमेरा चालेल का? नाही. बार्नाकची चौकट तगली ती माक्स बेरेकच्या नेमक्या भिंगामुळे आणि मोठं चित्र काढणाऱ्या एन्लार्जरमुळे. लहान आकाराची किंमत भिंगाने चुकवावी लागते. कॉम्पॅक्ट पारखताना पाहायचं ते हेच. आणि गंमत बघा, तेव्हा क्षुल्लक ठरवलेली तीच २४ बाय ३६ ची चौकट आज मोठ्या डीएसएलआरमध्ये ‘फुल फ्रेम’ म्हणून मिरवते.